शिकागोची आपली बेसबॉल टीम कब्ज (Cubs) पुन्हा तीनात तीन हरली. आता तरी वरची मंडळी बदला!

रेडलाइनकर | ५ ऑक्टोबर २००८, सकाळी ९:४०

रात्रभर झोप नाही, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका.

काल रात्री लॉस एंजेलिसला ३-१. त्याआधी आपल्याच मैदानावर, रिग्लीवर, ७-२ आणि १०-३. एकूण रन: लॉस एंजेलिसचे डॉजर्स २०, आपण ६. संपलं. ९७ सामने जिंकून नॅशनल लीगमध्ये पहिला नंबर काढला, आणि ८४ जिंकलेल्या टीमने तीन सामन्यांत घरी पाठवलं. गेल्या वर्षी अ‍ॅरिझोनानेही हेच केलं होतं. २००३च्या पाचव्या सामन्यापासून मोजलं तर प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) सलग ९ पराभव.

पहिल्या सामन्याला मी ब्लीचर्समध्ये (उघड्या बाकांवर) होतो. तिकीट कसं मिळवलं ते घरी माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. आपल्या डेरोसाने होमरन मारून २-० केलं तेव्हा शेजारच्या अनोळखी बाप्याने मला मिठी मारली आणि त्याची अर्धी बिअर माझ्या जाकिटात गेली. मग आपला पिचर डेम्पस्टर, त्याला काय झालं देव जाणे. वर्षभरात १७ सामने जिंकलेला माणूस, पाच इनिंगही पुऱ्या न करता ७ वॉक (चुकीचे बॉल टाकून फलंदाजाला फुकट बेस)! पाचव्या इनिंगला बेस भरलेले, समोर जेम्स लोनी, ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार रन. चाळीस हजार माणसं बसलीयत आणि मला अ‍ॅडिसन स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा खडखडाट ऐकू आला. आमचा स्कोअरबोर्ड अजून हाताने चालतो. आतल्या माणसाने डॉजर्सच्या पाचव्या घरात ४ची पाटी सरकवली, ती तिरकी बसली, म्हणून काढून परत नीट लावली. सगळे माना वळवून तेच बघत होतो.

दुसऱ्या सामन्यात फर्स्ट, सेकंड, शॉर्टस्टॉप, थर्ड, आपल्या चौघा फील्डरांनी एकेक एरर केली. वाटून घेतल्यासारखी!

माझी मागणी सरळ आहे. ट्रिब्यून कंपनीने टीम विकायला काढलीच आहे. नवा मालक येईल त्याने पहिल्या दिवशी जनरल मॅनेजर जिम हेंड्रीला नारळ द्यावा. सोरियानोला ८ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलर देऊन आणलं, या सिरीजमध्ये त्याचा एक हिट. फुकुदोमेला ४ कोटी ८० लाख, त्याचाही एकच. पैसे कमी पडत नाहीत, ते कुठे लावायचे ते कळत नाही.

एकच नियम: २००३च्या प्लेऑफमध्ये आमच्या फील्डरच्या हाताशी आलेल्या त्या बॉलला हात लावणाऱ्या प्रेक्षकाचं नाव या धाग्यावर कोणी घ्यायचं नाही. बिचारा भोगतोय. त्या इनिंगला आमच्या शॉर्टस्टॉपने हातातला सोपा बॉल सोडला, ते सोयीस्करपणे विसरतात लोक.

सॉक्सवाला | ५ ऑक्टोबर २००८, सकाळी १०:१५

सांत्वनपर दोन शब्द: २००५. 😄

(शिकागोच्याच आमच्या व्हाइट सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली ते वर्ष.) हलके घ्या. पण खरं सांगू? तुमचं मैदान सुंदर, वेलींनी मढलेली भिंत सुंदर, दुपारची उन्हं सुंदर. हरलात तरी लोक येतात. मालकाने जिंकायची घाई का करावी? आमच्या साउथ साइडला हरलो की खुर्च्या रिकाम्या. म्हणून आम्ही जिंकतो.

मुळाकाठ | ५ ऑक्टोबर २००८, सकाळी ११:०२

पुण्यातून वाचतोय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धाग्यातलं दुःख ओळखीचं वाटलं म्हणून थांबलो. बाळबोध प्रश्न: मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वेगळे का? कोणाला काढायचं म्हणताय?

ओवी_नेपरव्हिल | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी १२:२०

मुळाकाठ, मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच आणि कॅप्टन एकत्र. खेळत नाही, पण खेळाडूंसारखीच जर्सी घालून डगआउटमध्ये बसतो, आणि पिचर कधी काढायचा ते तो ठरवतो. आमचा सध्याचा लू पिनिएला. जनरल मॅनेजर म्हणजे निवड समितीचा अध्यक्ष, फक्त हातात चेकबुक असलेला. कोणाला घ्यायचं, विकायचं, किती वर्षांचा करार करायचा, सगळं त्याच्याकडे.

रेडलाइनकर फक्त हेंड्रीवर का घसरलेत कळत नाही. गेल्या वर्षी अ‍ॅरिझोनात पहिल्या सामन्यात आपला पिचर झांब्रानो मस्त टाकत होता, १-१ बरोबरी, अवघे ८५ पिच. पिनिएलाने सहाव्या इनिंगनंतर त्याला काढलं, का तर चौथ्या सामन्यासाठी ताजा राहावा. चौथा सामना झालाच नाही! लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानाला श्रीखंड न वाढता शेवटच्या पंगतीसाठी झाकून ठेवायचं, आणि पाहुणे निघून गेलेले. हे हेंड्रीचं पाप नाही.

आणि हो, यंदा पहिल्या सामन्याआधी ऑर्थोडॉक्स पाद्र्याला बोलावून डगआउटवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. ९७ सामने जिंकलेली टीम स्वतःच असं वागायला लागली तर खेळाडूंनी काय समजायचं? १९४५ मध्ये कोणा ताव्हर्नवाल्याच्या बोकडाला मैदानाबाहेर काढलं, त्याचा म्हणे शाप. मी तर म्हणते बोकडाचं सोडा, सातव्या वॉकचं बोला.

गणिती | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी १:४५

शाप नाही आणि पापही नाही. साधा हिशोब आहे.

बेसबॉलमध्ये फार चांगली टीमसुद्धा १० पैकी ६ सामने जिंकते. प्लेऑफमध्ये समोर बऱ्यापैकी टीम असते, म्हणून दर सामन्याला आपली शक्यता ५५ टक्के धरा. पाच सामन्यांची सिरीज जिंकण्याची शक्यता येते साधारण ५९ टक्के. म्हणजे दर पाच वेळा दोनदा तुम्ही हरणारच, काही चूक न करता. १६२ सामने म्हणजे वर्षभराचा अभ्यास, प्लेऑफ म्हणजे पाच मार्कांची तोंडी परीक्षा. तोंडीवरून मुख्याध्यापक बदलू नका.

ओवी_नेपरव्हिल | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी १:५८

आणि तीनात तीन हरायची शक्यता किती, गणितीबुवा?

गणिती | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी २:०४

९ टक्के.

ओवी_नेपरव्हिल | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी २:०६

सलग दोन वर्षं?

गणिती | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी २:३१

एक टक्क्याच्या आत. पण तीस टीम्स आहेत, शंभर वर्षं खेळतायत. कोणाच्या तरी वाट्याला येणारच.

रेडलाइनकर | ५ ऑक्टोबर २००८, दुपारी २:४०

"कोणाच्या तरी"!! १९०८ साली कब्ज शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. टिळक सुटून आले, देश स्वतंत्र झाला, संयुक्त महाराष्ट्र झाला. आम्ही अजून कोणाच्या तरी वाट्याला!

माझा मामा १९७१ पासून इथे आहे, डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या जवळ. मी १९९८ मध्ये आलो तेव्हा पहिल्याच रविवारी तो मला रिग्लीवर घेऊन गेला. शाळेची दोनशेपानी वही आणि पेन्सिल बरोबर. प्रत्येक पिचची खूण करतो, अजूनही. काल रात्री फोन केला तर म्हणाला, "झोप. एप्रिलमध्ये बोलू." सदतीस वर्षांत हा माणूस एकदाही चिडलेला मी पाहिला नाही. मला नाही जमत.

चार्ल्सकाठ | ५ ऑक्टोबर २००८, रात्री ८:१२

बोस्टनहून नमस्कार. आम्ही ८६ वर्षं थांबलो होतो. २००२ मध्ये थिओ एपस्टीन नावाच्या २८ वर्षांच्या पोराला जनरल मॅनेजर केलं तेव्हा इथले म्हातारे हसले होते. २००४, २००७, दोनदा वर्ल्ड सिरीज. बास, एवढंच सांगायचं होतं. मागणी करायची तर अशी करा, नुसतं "याला काढा" नको.

सॉक्सवाला | ७ ऑक्टोबर २००८, सकाळी ८:०५

आम्हीही गेलो. टँपा बे. कोणी काही बोलू नका.

रेडलाइनकर | ७ ऑक्टोबर २००८, सकाळी ८:०९

या, बसा. चहा टाकतो.

ओवी_नेपरव्हिल | ६ ऑक्टोबर २००९, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय. वर्षाचा ताळेबंद: ८३ विजय, ७८ पराभव, प्लेऑफ नाही.

डावखुरा फलंदाज हवा म्हणून मिल्टन ब्रॅडलीला तीन वर्षांसाठी ३ कोटी दिले, आणि ज्या डेरोसाने डॉजर्सविरुद्ध होमरन मारला होता त्याला क्लीव्हलंडला पाठवलं. ब्रॅडलीने जूनमध्ये दोनच आउट झालेले असताना तीन झाले समजून बॉल प्रेक्षकांत फेकून दिला, पळणाऱ्यांना फुकट बेस. सप्टेंबरमध्ये त्याला उरलेल्या मोसमासाठी निलंबित केलं. रेडलाइनकर, हेंड्रीबद्दलचं माझं मत थोडं तुमच्याकडे झुकलंय. थोडंच.

रिकेट्स कुटुंबाशी विक्रीचा व्यवहार या महिन्यात पुरा होतोय. टॉम रिकेट्सला त्याची बायको म्हणे रिग्लीच्या ब्लीचर्समध्येच भेटली होती. हा निकष असेल तर निम्मं शिकागो मालक व्हायला पात्र आहे.

रेडलाइनकर | ६ ऑक्टोबर २००९, सकाळी ११:१५

निदान हरल्यावर दुखणारा मालक मिळाला. कंपनीला काय, ताळेबंदातली एक ओळ.

रेडलाइनकर | २२ ऑक्टोबर २०११, सकाळी ७:१०

लोकहो!!! थिओ एपस्टीन!!!

तो आपल्याकडे येतोय, काल रात्री बोस्टन आणि कब्ज दोन्ही टीम्सनी जाहीर केलं. पाच वर्षांचा करार, १ कोटी ८५ लाख डॉलर. मंगळवारी रिग्लीवर पत्रकार परिषद. दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी नाही, सरस्वती आली! ७१ विजय आणि ९१ पराभवांच्या वर्षानंतर, झांब्रानो अटलांटात लॉकर रिकामा करून निघून गेल्यानंतर, हे!

मामाला फोन केला. तो म्हणाला, "कोण? तो बोस्टनचा मुलगा? बरं." एवढंच. पण मागून मामी ओरडली की आज सकाळपासून शिट्टी वाजवतोय.

चार्ल्सकाठ | २२ ऑक्टोबर २०११, सकाळी ८:३३

अभिनंदन. आता जरा पाणी ओततो, राग नको.

मीच २००८ मध्ये याची जाहिरात केली होती. पण गेल्या महिन्यात इथे काय झालं ते वाचलंत ना? ३ सप्टेंबरला वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफच्या उरलेल्या जागेसाठी) ९ सामन्यांची आघाडी. सप्टेंबरात ७ विजय, २० पराभव. शेवटच्या रात्री बाल्टिमोरला दोन आउट झालेले, आम्ही एका रनने पुढे, पॅपलबॉन पिच करतोय, आणि गेलं. शेवटचा बॉल कार्ल क्रॉफर्डच्या ग्लव्हजमधून निसटला. काही मिनिटांत तिकडे टँपाने यांकीजविरुद्ध ०-७ वरून सामना काढला. मग पेपरात आलं की आमचे पिचर सामना चालू असताना क्लबहाउसमध्ये तळलेलं चिकन आणि बिअर हाणत होते.

त्या क्रॉफर्डला ७ वर्षांसाठी १४ कोटी २० लाख कोणी दिले? थिओने. लॅकीला ८ कोटी २५ लाख? थिओने. तुम्ही सोरियानोवरून हेंड्रीला शिव्या घालत होतात ना?

ओवी_नेपरव्हिल | २२ ऑक्टोबर २०११, सकाळी ९:५०

हेंड्रीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवून ठेवते. त्याला २२ जुलैला सांगितलं होतं की तू गेलास. जाहीर झालं १९ ऑगस्टला. मधला महिनाभर तो रोज ऑफिसात येत होता, कोणाला पत्ता लागू न देता. का? तर १५ ऑगस्टपर्यंत ड्राफ्टमधल्या (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातल्या) पोरांचे करार करायचे होते, आणि जनरल मॅनेजर जाणार हे कळलं असतं तर ते फिसकटले असते. पहिल्या फेरीतला शॉर्टस्टॉप हावियेर बाएझ शेवटच्या दिवशी सही करून गेला.

नोकरीवरून काढलेला माणूस पुढच्या माणसासाठी पेरणी करून गेला. आपल्याकडे बदली झालेला साहेब फायलींच्या किल्ल्या तरी धड देतो का? मी त्याच्या विरोधात होते, पण हे लिहायला हवं.

मुळाकाठ | २२ ऑक्टोबर २०११, रात्री ९:२०

तीन वर्षांनी परत आलो, आता थोडं कळतं. सॅटेलाइटवर दाखवतात अधूनमधून.

२००७ आठवतं का? वेस्ट इंडिजमध्ये आपण पहिल्या फेरीत बाहेर. चॅपेल गेला, कर्स्टन आला, आणि एप्रिलमध्ये वानखेडेवर कप. माणूस बदलल्याने होतं. सचिनला सहा वर्ल्ड कप लागले, तुम्हाला १०३ वर्षं. जवळच आलंय.

गणिती | २२ ऑक्टोबर २०११, रात्री १०:०५

मुळाकाठ, सचिन, सेहवाग, झहीर, युवराज आधीपासून होते. कर्स्टनला भरलेलं घर मिळालं. कब्जच्या घरात काय आहे? एक तरुण शॉर्टस्टॉप, कॅस्ट्रो. आणि सोरियानोचे तीन हप्ते.

मला थिओ हवाच होता, पण वेगळ्या कारणासाठी. तो पहिली दोन-तीन वर्षं हरणार. मुद्दाम हरणार असं नाही म्हणत, पण जिंकायचा आटापिटा करणार नाही. चाललेले खेळाडू जुलैमध्ये विकायचे, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची, तळाला राहिलो की ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळतो. प्लेऑफ ही तोंडी परीक्षा आहे असं मी म्हणालो होतो. मग उपाय एकच, दरवर्षी परीक्षेला बसता येईल अशी टीम करायची. एकदा नाही, सहा-सात वेळा बसायचं. कधीतरी पास.

प्रश्न थिओ हुशार आहे का हा नाहीच. रेडलाइनकर १०० पराभव बघतील का, हा आहे.

रेडलाइनकर | २२ ऑक्टोबर २०११, रात्री १०:११

बघेन! लिहून घ्या.

रेडलाइनकर | १ ऑगस्ट २०१२, सकाळी ७:४५

नाही बघवत.

काल डेम्पस्टर गेला. टेक्सासला. आधी अटलांटाचा सौदा त्याने स्वतःच मोडला, मग शेवटच्या क्षणी हा. बदल्यात कोण? एक थर्ड बेसमन, आणि काइल हेन्ड्रिक्स नावाचा पिचर. डार्टमथमध्ये शिकलेला, आठव्या फेरीतला, ताशी ९० मैलांच्या आतच टाकतो. एवढ्या वेगात आमच्या सोसायटीतला जोशांचा मुलगा टाकतो. १७ सामने जिंकलेला पिचर देऊन ग्रंथपाल आणला राव! यालाच नवं व्यवस्थापन म्हणायचं का?

ओवी_नेपरव्हिल | १ ऑगस्ट २०१२, सकाळी ८:३०

२००८ मध्ये याच डेम्पस्टरच्या ७ वॉकवर धागा काढला होतात. पहिली पोस्ट वाचा.

पण माझी तक्रार वेगळी आहे. हरायचं ठरवलंय तर हरा, माझी हरकत नाही. पण तिकिटं तीच, पार्किंग तेच, हॉट डॉग तोच. पोरांना घेऊन चौघं गेलो की आठवड्याचा किराणा जातो. नापास व्हायची फी आम्ही का भरायची? अर्धं तिकीट लावा आणि पाटी लावा: काम चालू, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सॉक्सवाला | १ ऑगस्ट २०१२, सकाळी ९:००

ओवीताई, मानलं. मी कब्जच्या धाग्यावर +१ देतोय, तारीख लिहून ठेवा.

गणिती | ४ ऑक्टोबर २०१२, सकाळी १०:००

नोंदीसाठी: ६१ विजय, १०१ पराभव. १९६६ नंतर पहिल्यांदाच शंभरी. पण रिझो, सोलेर ही तरुण पोरं आली. पुढच्या ड्राफ्टला दुसरा नंबर.

रेडलाइनकर | ३ जुलै २०१३, रात्री ८:२०

काल आपला पिचर फेल्डमन देऊन बाल्टिमोरहून जेक अ‍ॅरिएटा आणलाय, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) ७.२३. सात पॉइंट तेवीस! मी आता काही बोलत नाही. मामाला सांगितलं तर त्याने वहीत नाव लिहून घेतलं.

चार्ल्सकाठ | ३१ ऑक्टोबर २०१३, सकाळी ७:००

काल आम्ही पुन्हा जिंकलो. थिओशिवाय. 🙂 (बरेचसे खेळाडू त्यानेच आणलेले, हे कबूल.)

रेडलाइनकर | ४ नोव्हेंबर २०१४, रात्री ९:३५

बऱ्याच दिवसांनी. मामा मेमध्ये गेला. झोपेत, शांतपणे. आदल्या रात्री कब्ज हरले होते, वहीत पूर्ण नोंद आहे.

मामीने वह्या माझ्याकडे दिल्या. एकेचाळीस. बहुतेक सगळ्या पूर्ण भरलेल्या. फक्त २००३च्या वहीत सहाव्या सामन्याचं पान अर्धं आहे. तुम्हाला माहितीय, आम्ही ३-० पुढे, पाच आउट हवे होते. आठव्या इनिंगला कास्टिलोच्या वॉकची खूण आहे, आणि पुढे कोरं. त्या इनिंगला मार्लिन्सनी ८ रन काढले, त्यातला एकही नाही. सातव्या सामन्याचं पान नाहीच, थेट पुढच्या एप्रिलची तारीख. कधीच चिडत नाही म्हणून मी याच माणसाचं कौतुक करायचो.

असो. जो मॅडन नवा मॅनेजर. काल रिग्लीसमोरच्या बारमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि सगळ्यांना पाजायची तयारी दाखवली. आधीच्या मॅनेजर रेंटेरियाला एका वर्षात काढलं ते मात्र बरं नाही वाटलं. वर्षभर पोरांना सांभाळलं त्याने.

ओवी_नेपरव्हिल | ४ नोव्हेंबर २०१४, रात्री १०:०२

वाचून वाईट वाटलं. मामींना माझा नमस्कार सांगा. काही लागलं तर कळवा, मी शनिवारी डेव्हनला येतेच.

सॉक्सवाला | २२ ऑक्टोबर २०१५, सकाळी ८:४०

९७ विजय, आणि न्यूयॉर्क मेट्सकडून चारात चार हरलात. पूर्ण सिरीजमध्ये एकदाही आघाडी नाही. आणि ज्याने धुतलं त्याचं नाव मर्फी, म्हणजे १९४५च्या बोकडाचं नाव. मी काहीच बोलत नाही, फक्त माहिती पुरवतोय.

गणिती | २२ ऑक्टोबर २०१५, सकाळी ९:१५

परीक्षेला बसले ना? अ‍ॅरिएटाने पिट्सबर्गला शून्यावर ठेवलं, कार्डिनल्सना घरी पाठवलं. २००८ ची टीम म्हातारी होत चालली होती. ही पोरं अजून मिसरूड फुटायच्या वयाची आहेत.

रेडलाइनकर | २२ ऑक्टोबर २०१५, सकाळी ९:२०

गंमत म्हणजे मला राग आला नाही. आजारी आहे का बघायला हवं.

ओवी_नेपरव्हिल | ३१ ऑक्टोबर २०१६, सकाळी ७:३०

काल लक्ष्मीपूजन आणि वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना एकाच संध्याकाळी. १-३ ने मागे, हरलो की संपलं. फराळाचं ताट तसंच, टीव्हीसमोर समई. सासूबाई म्हणाल्या तो दाढीवाला चांगला वाटतो, त्याच्यासाठी एक पणती जास्त लावते. ३-२ जिंकलो. मी शाप मानत नाही, पण उद्याही ती पणती तिथेच राहील.

रेडलाइनकर | ३ नोव्हेंबर २०१६, पहाटे ३:१०

जिंकले. सातवा सामना, क्लीव्हलंडविरुद्ध ८-७. दहावी इनिंग.

हात थरथरतोय. सकाळी लिहितो.

गणिती | ३ नोव्हेंबर २०१६, सकाळी ८:००

भाऊबीजेला रसेलचा ग्रँड स्लॅम आणि काल हे. मी रडलो. याचं गणित मांडता येत नाही.

रेडलाइनकर, आता आपली १ ऑगस्ट २०१२ ची पोस्ट वाचावी. "ग्रंथपाल." डॉजर्सना शून्यावर ठेवून फायनलला नेलं कोणी? काल सातव्या सामन्याला सुरुवात कोणी केली?

चार्ल्सकाठ | ३ नोव्हेंबर २०१६, सकाळी ८:२०

जोशांचा मुलगा हल्ली काय करतो? 😄

रेडलाइनकर | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी १:१५

कान पकडतो. हेन्ड्रिक्स, थिओ, अ‍ॅरिएटा, सगळ्यांची माफी. आणि हेंड्रीचीही. काल बाएझने होमरन मारला, कॅचर कॉन्ट्रेरासही हेंड्रीच्याच काळात सही केलेला. ओवीताईंनी २०११ मध्ये लिहिलं होतं, तेव्हा मी ते वाचून सोडून दिलं होतं.

पण मॅडनला सोडणार नाही! ५-१ पुढे, पाचव्या इनिंगला दोन आउट, हेन्ड्रिक्सचे फक्त ६३ पिच, आणि काढला! लेस्टर आला आणि एकाच वाइल्ड पिचवर (भरकटलेल्या बॉलवर) दोन रन दिले. शेवटी आणायचा आपला पिचर चॅपमन, त्याला आदल्या दिवशी पाच रनांच्या आघाडीवर वापरून दमवलेला, मग आठव्याला क्लीव्हलंडच्या डेव्हिसचा होमरन, ६-६. २००७ मध्ये पिनिएलाने झांब्रानोला काढलं तेच, फक्त या वेळी पाऊस आला म्हणून वाचलो. १७ मिनिटं. त्या १७ मिनिटांत मी घराबाहेर जाऊन गाडीत बसलो होतो. गाडी चालू केली नाही, नुसता बसलो.

ओवी_नेपरव्हिल | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी १:४०

जिंकल्यावरही मॅनेजरला शिव्या. आता खात्री पटली, तुम्ही बरे आहात.

मी काल दुपारी रिग्लीवर गेले होते. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने गेलेल्या माणसांची नावं लिहितायत. आजोबा, आई, शेजारी. हात पोचेल तिथपर्यंत जागा उरली नाही, लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून लिहितायत. उद्या परेडला जाणार असाल तर खडू घरून न्या. तिथे आसपासच्या दुकानांतले संपलेत.

सॉक्सवाला | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी २:१०

मनापासून अभिनंदन. यात टोमणा नाही, शोधू नका.

एक विचारू? मामाच्या वह्यांचं काय केलंस?

रेडलाइनकर | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी २:५५

काल शेवटची वही घेऊन बसलो होतो. त्याची मेमधली नोंद संपते त्याच्या पुढच्या पानावर सातवा सामना लिहिला. मला त्याच्यासारख्या खुणा येत नाहीत, मॉन्टेरोचा हिट चुकीच्या चौकटीत गेलाय आणि शेवटच्या आउटला पेन्सिल तुटली. ब्रायंटने रिझोकडे फेकलेला बॉल बॉलपेनने लिहिलाय.

सॉक्सवाला | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी ३:०१

आणि पाऊस?

रेडलाइनकर | ३ नोव्हेंबर २०१६, दुपारी ३:०४

नवव्या आणि दहाव्या इनिंगच्या मध्ये उभी रेघ, वर "पा. १७ मि." मामा तसंच लिहायचा. जुन्या वह्यांत बघून घेतलं.